पहिली-दुसरीच्या मुलाचा आठवड्याचा जमाखर्च



दरवर्षी जून महिना आला की आपल्या वस्त्यांमधून एकच लगबग सुरू होते. दप्तर, वह्या, गणवेश, पावसाळी चप्पल. हातावर पोट असलेला बाप उचल घेतो, आई भिशीचे पैसे मोडते आणि लेकराला पहिलीच्या वर्गात नेऊन बसविते. समाजात ही जाणीव आली, हे प.पू. बाबासाहेबांचे आपल्यावरील उपकार आहेत. परंतु मुलाला शाळेत घातले की आपले कर्तव्य संपले, पुढचे बाई आणि गुरुजी बघून घेतील, अशी समजूत अजूनही घरोघर आढळते. आज आम्हाला बोलायचे आहे ते जूनच्या लगबगीनंतरच्या आठवड्यांविषयी. मूल सोमवारी शाळेत गेले आणि शनिवारी घरी आले, या दरम्यान त्याच्या पदरात काय पडले, याविषयी.

१२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्याच्या अवघे आठ दिवस आधीची ही गोष्ट. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा मुले चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात, असा हिशेब त्यांनी सरकारपुढे मांडला. शाळेत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे आणि पुढेही साक्षर राहिले पाहिजे, नाहीतर त्या शिक्षणाचा उपयोग काय, हा त्यांचा सवाल होता. ज्या आठवड्यात ते पाण्याच्या हक्काची तयारी करीत होते, त्याच सुमारास ते चौथीतल्या पोरांची मोजणी करीत होते, ही बाब आपण विसरता कामा नये.

आज आपली मुले चौथीच्या आधीच मोठ्या संख्येने शाळा सोडून जात नाहीत. पण गळतीने आपले रूप बदलले आहे. मुलाचे नाव पटावर असते, हजेरी लागते, खिचडी मिळते, वर्ग बदलत जातो. आणि तिसरी-चौथीत गेलेल्या मुलापुढे साधा परिच्छेद ठेवला तर त्याची बोबडी वळते. मूल पटावर आहे, पण पुस्तकात नाही. ही गळती वर्गात बसल्या बसल्या होते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने नापास करून मुलाला मागे ठेवण्याची पद्धत बंद केली. ते योग्यच झाले. नापासाच्या शिक्क्याने आपली किती मुले शाळेबाहेर फेकली गेली, हे मागच्या पिढीला विचारावे. परंतु २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. तीत मूल अनुत्तीर्ण झाले तर त्याला पुन्हा संधी मिळते. त्यातही अनुत्तीर्ण झाले तर त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे चौथीपर्यंत कोणी अडवीत नाही आणि पाचवीच्या दारात एकदम अडसर लागतो. तोपर्यंत आईबापाला वाटत असते की पोरगे दरवर्षी पुढे जाते आहे, तेव्हा हुशारच असणार. पाचवीत कळलेली उणीव ही खरे तर पहिली-दुसरीतल्या एखाद्या आठवड्यात सुरू झालेली असते.

आमच्या विहारात रविवारी लहान मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. दुसरीतली एक चुणचुणीत मुलगी तेथे येते. संविधानाची उद्देशिका ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत न अडखळता म्हणते. तिचे वडील मार्केटमध्ये हमाली करतात. लेक उद्देशिका म्हणू लागली की त्यांची छाती अभिमानाने फुगते, आणि का फुगू नये? भिंतीवर उद्देशिकेचा मोठा तक्ता आहे. एकदा आम्ही सहज म्हणालो, "ताई, यात 'बंधुता' कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखव बरं." मुलगी तक्त्याकडे पाहत राहिली. 'न्याय' तिला सापडला नाही, 'समानता'ही सापडली नाही. वडील म्हणाले, "पण दादा, हिची वही तर बघा, किती सुंदर अक्षर आहे!" वही खरोखरच सुंदर होती. फळ्यावरचे जसेच्या तसे उतरविलेले. मुलीने अक्षरे काढली होती, वाचली नव्हती.

यात त्या मुलीचा काडीचाही दोष नाही. पाठांतर हा अभ्यासाचा एक भाग आहे, उतरवून काढणे हाही एक भाग आहे. पण त्यालाच वाचन समजणे ही फसगत आहे. धम्मपदात नुसते पाठ म्हणणाऱ्याला दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा आली आहे. मोजणी रोजची, दूध मात्र एका थेंबाचे नाही.

वर्गात आठवडाभर काय चालते?

पुष्कळ पालकांना पहिली-दुसरीत नेमके काय शिकवितात याची कल्पनाच नसते. आपल्या वेळची पाटी, अ-आ-ई आणि छडी डोळ्यांपुढे असते. आता वर्ग बदलला आहे, म्हणून थोडे तपशिलात सांगतो.

दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. परिपाठात पुढे येऊन बोलण्याची पाळी सर्व मुलांना मिळावयास हवी. आपल्या मुलाची पाळी आठवड्यात, निदान महिन्यात आली काय, हे घरी जरूर विचारावे. काही ठिकाणी ठराविक दोन-चार मुलेच वर्षभर पुढे असतात आणि आपली मुले वर्षभर टाळ्या वाजवितात.

भाषेच्या तासाला आधी गोष्ट, गाणे, चित्रावर गप्पा असतात. मूल घरी येऊन "आज बाईंनी नुसत्या गप्पा मारल्या" असे म्हणाले तर रागावू नये. ज्याला बोलता येते, त्यालाच पुढे वाचता येते. त्यानंतर अक्षरओळख. आता अनेक वर्गांतून सबंध मुळाक्षरे एका दमात न घोकविता थोडी अक्षरे आणि एखादा काना एकत्र घेतात. म, क, न, र आणि काना एवढे आले की मूल लगेच मका, कान, नाक, मान, काम, कार हे शब्द जुळवू लागते. पुढच्या आठवड्यात आणखी दोन अक्षरे, एखादी वेलांटी. यातच मेख आहे. या आठवड्याच्या अक्षरांवर पुढच्या आठवड्याचे शब्द उभे राहतात. मूल तापाने पडले किंवा लग्नकार्याला गावी गेले आणि मधला आठवडा बुडाला, तर एक वीट निसटते आणि वरची भिंत डुगडुगू लागते.

गणितातही तेच. काड्या, मणी, चिंचोके मोजायचे, दहाचा गठ्ठा बांधायचा, गठ्ठा म्हणजे दशक आणि सुट्ट्या काड्या म्हणजे एकक. मराठी अंकांत एक अडचण आहे, ती पालकांनी समजून घ्यावी. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतो आणि लिहिताना मात्र पाच आधी लिहावा लागतो. त्यामुळे बावन्न सांगितले की पुष्कळ मुले २५ लिहितात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावन्नच्या जोडीला 'पन्नास दोन' असे वाचन दिले, त्यावर केवढा गदारोळ झाला होता! वाद काहीही असो, मुलाची अडचण खरी आहे. असे झाले तर "डोकं नाही तुला" असे म्हणून पाठीत धपाटा घालू नये. पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या त्याच्यापुढे मांडाव्यात, गठ्ठे आधी मोजायला लावावेत. दोन-चार दिवसांत गाडी रुळावर येते.

याखेरीज 'खेळू, करू, शिकू' या विषयात कागदकाम, मातीकाम, चित्र, खेळ असतात. पहिली ते आठवीसाठी २०२४ साली शासनाने 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही काढला. "शनिवारी काही शिकवत नाहीत, राहू दे घरी" असे म्हणून मुलाला धाकट्या भावंडाजवळ बसविणारी घरे आम्ही पाहिली आहेत. हे बरे नव्हे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे ठरले आहे. आठवड्याला एक खाडा धरला तरी वर्षाचे पस्तीस-चाळीस दिवस जातात. कामावर एवढे खाडे केले तर मुकादम आपल्याला ठेवील काय?

दुपारच्या पोषण आहाराकडेही लक्ष असावे. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून दररोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. जेवण कसे होते हे विचारताना सोबत "कोणाशेजारी बसलास?" हेही विचारावे. बाबासाहेबांना शाळेत वेगळे गोणपाटावर बसावे लागले, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. तो इतिहास आपल्या लेकराच्या पंगतीत पुन्हा डोके वर काढतो की काय, हे साध्या प्रश्नातून कळते.

मोजमाप कोणते?

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले. त्यात लहान वर्गांसाठी सरळ मापे ठरविली आहेत. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचे, आधी न पाहिलेले वाक्य वाचता यावे. ९९ पर्यंत संख्या आणि साधी बेरीज-वजाबाकी यावी. दुसरीच्या अखेरीस नवीन उतारा मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचता यावा. ९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात. तिसरीच्या अखेरीस वाचनाची गती मिनिटाला किमान ६० शब्द आणि संख्या ९९९९ पर्यंत. ही मापे कापून भिंतीवर चिकटवावीत. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणी पालकांना उमगत नाहीत, पण ही मापे आजीलाही उमगतील.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. खातेवहीचा एक नियम आम्हाला ठाऊक आहे. जमाखर्च आठवड्याच्या आठवड्याला जुळविला तर चूक एका पानात सापडते. वर्षअखेरीस बसलो तर सगळ्या वह्या उलथ्या कराव्या लागतात. मुलाच्या शिक्षणाचेही तसेच आहे. म्हणून आमची सूचना आहे की प्रत्येक बौद्ध घरात शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी, बुद्धवंदना झाल्यावर, पाव तास मुलाचा आठवड्याचा जमाखर्च घ्यावा. तो असा :

पहिले, या आठवड्यात कोणती नवी अक्षरे किंवा कोणता नवा धडा झाला, ते मुलाने तोंडी सांगावे. सांगताना त्याला मध्येच टोकू नये.

दुसरे, धड्यातला एक शब्द मधूनच निवडून त्यावर बोट ठेवावे आणि वाचायला सांगावे. चित्र हाताने झाकावे. चित्र पाहून धडा म्हणणारी मुले पुष्कळ असतात.

तिसरे, पुस्तकाबाहेरचे काहीतरी वाचायला द्यावे. रेशनकार्डावरची घरातल्यांची नावे, एसटीची पाटी, लग्नपत्रिका, आणि हो, आपल्या या साप्ताहिकाचा मथळा. एक मथळा दर आठवड्याला, एवढेच.

चौथे, बाजारातल्या पिशवीतून गणित घ्यावे. कांदे मोजणे, पन्नासची नोट दिली तर किती परत येतील हे विचारणे. दुसरीच्या मुलाला यासारखी दुसरी शिकवणी नाही.

पाचवे, एक प्रश्न मुलाच्या मनाचा. "या आठवड्यात वर्गात कशाची भीती वाटली का? कोणी काही बोललं का?"

आम्हाला माताभगिनी विचारतात, "दादा, आम्हालाच अक्षर येत नाही, आम्ही काय तपासणार?" ताई, तुमचे कान आणि डोळे शाबूत आहेत. मूल वाचताना त्याचे बोट शब्दाबरोबर सरकते की बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे, हे निरक्षर आईलाही दिसते. एकाच शब्दावर दोन वेळा, दोन ठिकाणी बोट ठेवावे. मुलाने दोन्ही वेळा तोच शब्द उच्चारला तर त्याला तो येतो. शिवाय, ज्या आयांना भीमगीते तोंडपाठ आहेत, जात्यावरच्या ओव्या आजीकडून आल्या आहेत, त्यांच्याजवळ भाषेचा केवढा साठा आहे! तो मुलाच्या कानी घालणे हेसुद्धा शिकविणेच होय. वर सांगितलेल्या मुलीच्या आईने हेच केले. ती चार घरची धुणीभांडी करते. रोज रात्री भाकऱ्या झाल्यावर ती लेकीला पाव तास चुलीजवळ बसवी आणि बोट ठेवून विचारी. पाच महिन्यांनी लेकीने मामाच्या लग्नाची पत्रिका अडखळत का होईना, पण वाचली. तक्त्यावरचा 'बंधुता' शब्दही तिला सापडला.

घरात जागा नाही, गोंगाट फार, ही अडचण खरी आहे. सुभेदार रामजी आंबेडकर परळच्या चाळीतल्या एका खोलीत कुटुंब घेऊन राहत. लहान भीमाला ते लवकर झोपवीत, आपण रात्री जागे राहत आणि मध्यरात्रीनंतर शांततेत त्याला अभ्यासाला उठवीत. पहिलीच्या मुलाला मध्यरात्री उठवा असे आम्ही सुचवीत नाही. मात्र जागा वाढविता आली नाही तरी वेळ काढता येतो, एवढे त्यातून घ्यावे. पाव तास टीव्ही बंद आणि मोबाईल फळीवर, एवढा त्याग जमण्यासारखा आहे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाई अभ्यास पाठवितात आणि फोन बापाच्या खिशात दिवसभर कामावर असतो, असेही घडते. घरी आल्यावर तो निरोप मुलाला वाचून दाखविणे हे बापाचे काम आहे. ते आईच्या अंगावर ढकलू नये.

शाळेकडून काय मागावे?

घरचा जमाखर्च ठेवणाऱ्या पालकालाच शाळेकडे हिशेब मागण्याचा अधिकार शोभतो. आणि तो अधिकार कायद्याने दिला आहे. अनुदानित व शासकीय शाळांतून शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या जागा महिलांच्या आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. आपल्या वस्तीतील किती भगिनी या समितीवर आहेत? की कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन त्यांना घरी धाडले जाते? साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, पुढे मुलांच्या संख्येप्रमाणे वाढते शिक्षक, हे प्रमाण कायद्यात आहे. मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे यास कायद्याने बंदी आहे. वर्ग झाडण्याचे काम ठराविक मुलांच्याच वाट्याला येत असेल, तर तो मुद्दा समितीच्या बैठकीत नोंदवून घ्यावा, इतिवृत्तात लिहून घ्यावा.

मात्र जाताना भांडखोरपणाने जाऊ नये. बहुतेक बाई-गुरुजी मनापासून राबतात. त्यांच्या माथी सर्वेक्षण, निवडणूक आणि माहिती भरण्याची कामेही असतात. "माझ्या मुलीला जोडाक्षरं अडतात, घरी काय घेऊ?" असे विचारणाऱ्या आईला टाळणारी शिक्षिका विरळाच. असा प्रश्न एकदा विचारला की बाईंच्या नजरेत ते मूल राहते. मागच्या बाकावरचे मूल पुढे आणण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हाला ठाऊक नाही.

ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या बांधवांचा प्रश्न याहून बिकट आहे. तेथे आठवडा नव्हे, अर्धे वर्ष बुडते. अशा मुलांना परतल्यावर वयानुरूप वर्गात बसविणे आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण देणे ही शासनाची कायदेशीर जबाबदारी आहे. "मधे नाव कमी केलं" असे सांगून कोणी परत पाठवीत असेल, तर एकट्या आईबापाने माघारी येऊ नये. वस्तीतल्या चार कार्यकर्त्यांनी सोबत जावे.

वस्तीवस्तीतील मंडळांना आमची कळकळीची विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून विहारात लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांची एक फळी करावी. दहावी-बारावी झालेल्या प्रत्येक तरुण-तरुणीने पहिली-दुसरीची चार मुले वाटून घ्यावीत आणि रविवारी एक तास त्यांचा जमाखर्च घ्यावा. ७ नोव्हेंबर १९०० हा बाबासाहेबांचा साताऱ्यातील शाळाप्रवेशाचा दिवस. २०१७ पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. यंदाच्या ७ नोव्हेंबरला भाषणे कमी ठेवावीत आणि वस्तीतल्या दुसरीच्या प्रत्येक मुलाला सर्वांसमोर एक नवा उतारा वाचू द्यावा. जो अडखळेल त्याला हसू नये. त्याचे नाव टिपून घ्यावे आणि पुढच्या रविवारपासून त्याला जवळ घ्यावे.

'शिका' हा आपल्या चळवळीचा पहिला शब्द आहे. तो पहिलीच्या वर्गात, या चालू आठवड्याच्या धड्यातच सुरू होतो. या शनिवारी घरी पुस्तक उघडा, मुलाचे बोट धरा आणि विचारा, "बाळा, या आठवड्यात काय शिकलास?"

जयभीम! जय भारत!